ढेकरांचा डबा

म्हशीचे ढेकर मोजायला पुण्याहून मॅडम येणार आहेत, हे सुनेनं सांगितलं तेव्हा गेणबा शेवंताच्या अंगावर पाणी मारत होता. पाइप तसाच हातात राहिला आणि म्हशीऐवजी त्याचंच धोतर भिजलं.

"काय मोजायला?"

"ढेकर, मामा," हर्षदा म्हणाली. "गुरं रवंथ करताना ढेकर देत्यात. त्यातनं मिथेन नावाचा गॅस निघतो, त्यानं हवा तापती. डेअरीनं पेंडीत घालायला ती पावडर दिलीय ना? तिनं गॅस कमी होतो का, ते बघणार हायेत."

"आन् ढेकर मोजायचा पगार मिळतो त्यांला?"

"मिळत आसंल की."

गेणबानं पाइप बंद केला. संशय हा त्याच्या अंगचा गुण होता. घरी लग्नपत्रिका आली तरी 'आपल्यालाच कशी काय दिली' म्हणून तो ती मागून-पुढून बघायचा. त्याचे आजे-पणजे मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडले होते. रोज नवं शिवार, रोज नवी कटकट. आता राहू गावाच्या बाजूला भीमेकाठी तीन एकर ऊस होता, चार जनावरं होती, पत्र्याचं नीटनेटकं घर होतं, पण समोरच्या झुडपात लांडगा असणारच, ही खात्री काही रक्तातून गेली नव्हती.

"चाळीस गोठ्यांत पावडर चालू हाय," तो म्हणाला. "मग ढेकर मोजायला माझाच गोठा कुणी काढला?"

"चेअरमन आण्णांनी. सोताहून मॅडमला म्हनले, गेणबाच्या गोठ्यापासनं सुरू करा."

हे ऐकून मात्र गेणबानं हातातला पाइप खाली टाकला. चेअरमन म्हणजे दूध डेअरीचा जयसिंग. त्याचं वावर गेणबाच्या बांधाला लागून होतं. आणि त्या बांधावर पंधरा दिवसांपूर्वी जे घडलं होतं, ते गेणबा आणि त्याची बायको गिताबाई या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

झालं होतं असं. ऊस तुटून गेला होता आणि वावरात गुडघाभर पाचट पसरलं होतं. हर्षदानं डेअरीच्या योजनेत सासऱ्याचं नाव घातलं होतं. पाचट जाळायचं नाही, धूर करायचा नाही, डेअरी कुट्टीचं मशीन पाठवील, बारीक करून ते तिथंच कुजवायचं, असा करार होता. गेणबाचा ना मशीनवर विश्वास, ना कुजण्यावर. मशीन येईस्तोवर पाचटात बिबट्या येऊन बसला म्हणजे? हर्षदा केडगावला माहेरी गेलेली बघून त्यानं भर दुपारी पाचटाला काडी लावली. आणि वारं फिरलं. बांधाकडेची त्याची स्वतःचीच कडब्याची गंजी बघता बघता भडकली. धुरात हाताला हात दिसेना. धूर निवळला तेव्हा पलीकडं जयसिंगचंही वावर काळंठिक्कर पडलं होतं आणि त्याच्या ठिबकच्या नळ्या वितळून त्यांच्या शेवया झाल्या होत्या.

माणसं धावत आली तसा गेणबाच सगळ्यांच्या आधी ओरडला, "तारा घासल्या! ठिणग्या पडल्या!"

सगळ्यांनी माना वर केल्या. वरून गेलेल्या विजेच्या तारा लोंबत होत्याच. त्यांची कीर्ती आधीपासून अशी होती, की कुणी पुरावा मागितला नाही. जयसिंग शिरूरला लग्नाला गेला होता. संध्याकाळी तो आला, सगळं बघितलं आणि आश्चर्य म्हणजे एक शब्दही वाकडा बोलला नाही. "तारांचंच काम हे," एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी वीज कचेरीत तक्रारीचा अर्ज देऊन आला. एरवी शेळीनं बांधावरचं गवत खाल्लं तरी गाव गोळा करणारा हा माणूस नळ्या वितळल्या तरी गप्प बसतो? तो दिवस आणि आजचा दिवस, गेणबाला नीट झोप नव्हती.

पुण्याच्या मॅडमचं नाव तेजश्री. वयानं हर्षदाएवढीच, डोक्यावर टोपी, हातात वही. तिनं शेवंताला नवी म्होरकी घातली, नाकपुडीपाशी बारीक नळी बांधली आणि नळीचं दुसरं टोक गळ्यातल्या पांढऱ्या गोल डब्याला जोडलं. शेवंतानं एकदा मान झटकली आणि मग दागिना घातल्यासारखी उभी राहिली.

"डबा दर दोन दिवसांनी पुण्याला जाईल," मॅडम म्हणाली. "डेअरीचा माणूस भरलेला नेईल आणि रिकामा देईल."

"पुण्याला नेऊन काय करता?" गेणबानं विचारलं.

"आत काय काय आहे ते तपासतो."

"आन् कळतं?"

"सगळं कळतं, आजोबा. आमच्या मशीनला लावलं, की काही लपून राहत नाही."

गेणबानं गिताबाईकडं बघितलं. गिताबाईनं पदर तोंडाला लावला. गोठ्याच्या दाराशी जयसिंग हात मागं बांधून उभा होता. त्याची नजर जळालेल्या गंजीच्या जागेवर गेली आणि चटका बसल्यासारखी माघारी आली. गेणबानं ते बरोबर टिपलं.

तरी खात्री करायला त्यानं दुसऱ्या दिवशी मुलाला गाठलं. मल्हार रांजणगावच्या कंपनीत थर्ड शिफ्ट करून नुकताच कॉटवर आडवा झाला होता.

"त्या डब्यात काय आसतं रं?"

"सेन्सर आसंल," मल्हार म्हणाला आणि तोंडावर चादर ओढली.

सेन्सर! मल्हारच्याच कंपनीच्या गेटवर सेन्सर होता आणि कुणी खिशात नट-बोल्ट घातला तरी तो बोंबलायचा, हे मल्हारनंच सांगितलं होतं. गेणबाला सगळं उलगडलं. ढेकर हे नुसतं निमित्त. नवरा-बायको गोठ्यात बोलतात, हे जयसिंगला ठाऊक. डबा ऐकणार, पुण्याला जाणार, मशीनला लागणार आणि एक दिवस गेणबा डेअरीपुढं हात जोडून उभा राहणार.

त्या सकाळपासून गोठ्यात बोलणं बंद झालं.

घरात, अंगणात, रस्त्यावर गेणबा बोलायचा, पण गोठ्याचा उंबरा ओलांडला की मुका. गिताबाईलाही सक्त ताकीद होती. त्यानं हातानं बादलीचा आकार केला, की ती घमेलं घेऊन यायची. त्यानं पेंड दाखवली, की ती झाडू घेऊन यायची. एकदा तर 'वासरू सोड' अशी खूण त्यानं एवढ्या जोरात केली, की गिताबाईला वाटलं, नवऱ्याला विंचू चावला. ती ओरडत बाहेर पळाली आणि तिला गप्प करण्यासाठी गेणबाला तिच्यामागं अंगणभर पळावं लागलं.

पण सगळ्यात मोठी पंचाईत शेवंताची झाली. गेली सहा वर्षं धार काढताना गेणबा तिच्याशी बोलत आला होता. बोलत म्हणजे शिव्याच देत होता, पण मायेनं. "ए भवाने, हल की जरा! महाराणी लागून गेलीस का?" असं सुरू झालं, की शेवंता डोळे मिटून पान्हा सोडायची. आता हा माणूस चोरासारखा येतो, मुकाट खाली बसतो आणि सडाला हात घालतो, हे तिला रुचेना. तिनं दूध चढवून धरलं. सहा लिटरचं साडेचार झालं, आठवड्यात तीनवर आलं.

हर्षदा रोजचा आकडा फोनवरून मॅडमला कळवत होती. एका सकाळी मॅडमचाच फोन आला. हर्षदा बोलून परत आली ती रडवेली होऊन.

"मामा, मॅडम म्हंत्यात, पावडरीमुळं दूध आटतंय का काय, ते तपासावं लागंल. तसं निघालं तर चाळीसच्या चाळीस गोठ्यांतली पावडर बंद. मग ही योजनाच गेली, कुट्टीचं मशीनबी गेलं. आख्ख्या गावात मी दारोदार फिरून नावं लिहून घेतली हो. बाया आता मला काय म्हनतील?"

गेणबाला वाईट वाटलं. सून गुणाची होती. पण खरं सांगायचं, तर काडी कुणी लावली इथपर्यंत गोष्ट जाणार. तो म्हणाला, "उन्हाळा हाय, हुतं कमी," आणि बाहेर निघून गेला.

दोन दिवस विचार केल्यावर त्याला एक युक्ती सुचली. डबा ऐकतोच आहे, तर त्याला आपल्या सोयीचं ऐकवावं. त्यानं गिताबाईला घराच्या मागं नेऊन काय बोलायचं ते चार वेळा पढवलं. मग दोघं गोठ्यात गेली. गेणबा शेवंताच्या गळ्यापाशी वाकला आणि कीर्तनकारासारखा खणखणीत आवाज लावून म्हणाला, "अगं गिताबाई! त्या दिशी आग कशानं लागली गं?"

"तारांमुळं!" गिताबाईनं बरोबर सांगितलं.

"आन् मी तवा कुठं हुतो?"

"तुमी घरात झोपला हुता!"

"बरूबर! पाचट जाळणं लई वाईट. आपुन तर कवाच जाळत न्हाई!"

इथं संवाद संपायचा होता. पण गिताबाईला आता रंग चढला होता. ती डब्याजवळ सरकली आणि म्हणाली, "व्हय सायेब! ह्यांनी काडी वढली, पर ती इझली हुती!"

गेणबानं तिच्या तोंडावर हात ठेवला. तसंच ओढत तिला गोठ्याबाहेर नेलं.

"अगं काडी कशाला काढलीस मधीच?"

"मग? झोपला हुता म्हनून त्यांनी इश्वास ठेवला आस्ता का? थोडं तरी खरं नगं?"

दुसऱ्या दिवशी तो डबा पुण्याला गेला. मोटारसायकल वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत गेणबा आपलं भवितव्यच चाललं आहे अशा नजरेनं बघत राहिला. आणि एवढ्यावरही निभावलं नाही. गिताबाई दळण घेऊन गिरणीत गेली, तिथं तिला जयसिंगची म्हातारी आई झुंबरबाई भेटली. पोटातलं गुपित फुगून फुगून गिताबाईचा जीव घाबरा झाला होता. तिनं आगीचं सांगितलं नाही, पण म्हशीच्या गळ्यातला डबा पुण्याला बोललेलं पोचवतो, एवढं मात्र कुणाला सांगू नका म्हणून सांगून टाकलं.

तिसऱ्या प्रहरी गेणबा गोठ्याच्या मागच्या अंगाला वैरण रचत होता. इतक्यात काठीचा आवाज आला. फटीतून बघतो, तर झुंबरबाई. ऐंशीच्या घरातली, कानानं जरा जड, त्यामुळं तिची कुजबुजही नदीपलीकडं शिरूर तालुक्यात ऐकू जायची. तिनं इकडं तिकडं बघितलं, शेवंताच्या कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि डब्याजवळ तोंड नेलं.

"सायेब, ऐकताय न्हवं? मी झुंबरबाई, जयसिंगची आई. त्या दिशी आग तारांनी न्हाई लागली. माझ्या जयसिंगनं शिरूरला लग्नाला जाताना सकाळीच आमच्या खालच्या टोकाला पाचट पेटवलं. म्हनला, इझून जाईल आपसूक. दुपारच्याला वारं सुटलं आन् गेणूची गंजी जळाली. गरिबाचा कडबा गेला, सायेब. माझं पोरगं घाबरून तारांचं नाव सांगतंय. म्हनूनशान त्यानं ह्या डब्याचा मान आदी गेणूच्या गोठ्याला दिला, तेवढंच पाप फिटंल म्हनून. त्याला लई कडक शिक्षा करू नका. जरा दम भरा."

एवढं बोलून ती काठी टेकत निघून गेली.

गेणबा वैरणीवर बसला.  म्हणजे जयसिंगच्या नळ्या जयसिंगच्याच आगीनं जळाल्या? आणि त्याला वाटतंय, की आपली गंजी त्याच्या आगीनं जळाली? दोन्ही बाजूंनी दोन आगी लागल्या आणि मधल्या बांधावर त्यांची गाठ पडली! महिनाभराचं छातीवरचं ओझं क्षणात उतरलं. गेणबाला हसू फुटलं.

पण हसू ओठांवर यायच्या आतच संशयानं मान वर काढली. म्हातारी नेमकी आत्ताच कशी आली? आपण मागं आहोत, हे तिला दिसलं नसेल कशावरून? हे ऐकून गेणबा खुश होऊन धावत येईल, 'अवो, माझीबी काडी हुती' म्हणेल आणि अलगद सापडेल, असा जयसिंगचाच डाव असला तर? आईला पुढं करायलाही तो मागंपुढं बघायचा नाही. गेणबानं ओठ घट्ट मिटले आणि वैरण रचून टाकली.

सोमवारी तेजश्री मॅडम स्वतः आली. दूध का घटतंय, हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. बरोबर चेअरमन म्हणून जयसिंगही आला. हर्षदा चिंतेनं पदराशी चाळा करत उभी होती.

"आजोबा, रोज काढता तशीच धार काढा," मॅडम म्हणाली.

गेणबा मुकाट बसला. शेवंतानं मागं वळून त्याच्याकडं बघितलं आणि पाय आपटला. भांड्यात कशीबशी चार चुळा दूध पडलं.

"मामा," हर्षदा एकदम म्हणाली, "तुमी बोलत का न्हाई तिच्याशी? आदी तर तुमच्या शिव्या घरात ऐकू यायच्या. आता कितीक दिवस झालं, गोठ्यात तुमचा आवाजच न्हाई."

गेणबानं डब्याकडं बोट दाखवलं आणि मान हलवली.

"डब्याचं काय?" मॅडमनं विचारलं.

गेणबा उठला, तिला गोठ्याबाहेर घेऊन गेला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "ऐकतोय न्हवं त्यो."

मॅडम आधी हसली. मग हा माणूस चेष्टा करत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं आत येऊन डबा सोडला आणि त्याची तोटी फिरवली. फुस्स करून आवाज झाला, बस्स.

"यात फक्त हवा असते, आजोबा. म्हशीच्या श्वासाची आणि ढेकराची. बोललेलं यात काही राहत नाही."

"काईच न्हाई?"

"काहीच नाही."

"मंग झुंबरआक्का बोलली, ते पुण्याला गेलंच न्हाई?"

शब्द तोंडून गेले आणि गेणबानं जीभ चावली. जयसिंगचा चेहरा पांढरा पडला.

"आई? आई काय बोलली?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. शिवाय त्या चेहऱ्याकडं बघून गेणबाला पहिल्यांदाच पटलं, की डाव-बिव काही नाही, हा माणूस खरंच घाबरला आहे. तो म्हणाला, "चेअरमन, तुमी सकाळी पेटवलं. मी दुपारी पेटवलं. तुमच्या नळ्या तुमी जाळल्या, माझी गंजी मी जाळली. मधी तारांना फुकट बोल लागला."

जयसिंग आ वासून बघत राहिला. "तू... तूबी? अरं, तुझा कडबा मी जाळला म्हनून मला जेवन ग्वाड लागत न्हवतं!"

"आन् तुमच्या नळ्यांपायी मला झोप न्हवती!"

दोघं एकमेकांकडं बघून हसायला लागले. तेवढ्यात मॅडमनं वही उघडली.

"म्हणजे योजनेत नाव असताना तुम्ही दोघांनीही पाचट जाळलं?"

हसू जागच्या जागी थिजलं. दोघांनी क्षणभर एकमेकांकडं बघितलं आणि एका सुरात म्हणाले, "छ्या! तारांमुळं!"

मॅडमनं वही मिटली नाही. पण ती काही लिहायच्या आधीच हर्षदा पुढं झाली. आजवर सासऱ्यापुढं तिचा आवाज कधी चढला नव्हता, तो त्या दिवशी चढला.

"मी सही केली मामा, तुमच्या भरवश्यावर. आन् आण्णा, तुमी तर चेअरमन. बायांनी तुमच्याकडं बघून नावं दिली. एवढा धूर केला तुमी दोघांनी, वावरातलं गांडूळसुद्धा उरलं नसंल." मग ती मॅडमकडं वळली. "मॅडम, ह्या दोघांला काढू नका. काढलं तर पुढच्या वर्साला दोघंबी पुन्हा जाळतील. त्यापरीस मी सांगते तसं करा. मामांवर आण्णांनी नजर ठेवायची आन् आण्णांवर मामांनी. कुणाच्या वावरात धूर दिसला, की दुसऱ्यानं फोटो काढून पाठवायचा."

"पाठवतील?" मॅडमनं विचारलं.

"त्याची काळजीच नगं," हर्षदा म्हणाली. "हे काम दोघांलाबी मनापासनं जमंल."

गेणबा पुन्हा धारेला बसला. त्यानं घसा खाकरला. "ए भवाने, बघतीस काय! पान्हा सोड, का आता तुझीबी सही घ्यायची?" शेवंतानं डोळे मिटले. धारांचा आवाज घुमू लागला. भरलेली बादली बघून मॅडमनं वहीत काहीतरी लिहिलं. हर्षदानं वाकून बघितलं. 'दूध घटण्याचे कारण : पावडर नव्हे. म्हशीशी अबोला.'

पुढच्या हंगामात ऊस तुटला आणि दोन्ही वावरांत पाचट पसरलं. जयसिंग रोज सकाळी चालायला म्हणून बांधावर यायचा. गेणबा गवत कापायला म्हणून बांधावर असायचा. जयसिंगनं एकदा नुसती विडी शिलगावली, तर गेणबानं मोबाइल वर केला. गेणबानं आंघोळीचं पाणी तापवायला चूल पेटवली, तर पत्र्यावरचा धूर बघून जयसिंग चप्पल न घालता धावत आला. अशा पहाऱ्यात जाळायची छाती कुणाची होणार? कुट्टीचं मशीन आलं, पाचट बारीक झालं, कुजलं. पुढं उन्हाळ्यात दोघांच्याही लक्षात आलं, की खोडव्याला, म्हणजे तोडल्यावर पुन्हा फुटलेल्या उसाला, दोन पाणी कमी लागली आणि पाचट उचललं, की खाली ओलसर, काळी, भुसभुशीत माती हाताला लागते. गेणबानं ती मुठीत घेऊन हुंगली. चांगली होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

डेअरीवर कार्यक्रम झाला. दोघांना शाल आणि नारळ मिळाला. तेजश्री मॅडम भाषणात म्हणाली, की चाळीसही गोठ्यांचा मिथेन कमी भरला आहे आणि आता पुढच्या वर्षीपासून कुणाच्या शेतात धूर झाला, तर तो उपग्रहावरून दिसेल.

जयसिंगनं माइक ओढून घेतला. "मॅडम, आमच्या बांधाला उपग्रह कशाला पायजे? गेणबा हाय की! आसा शेजारी नशिबानं मिळतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गिताबाईनं डोळे पुसले. हर्षदा हसली.

गेणबानंही नारळ वर करून नमस्कार केला.  पण घरी जाताना बांध आला तसा तो थांबला, जयसिंगच्या वावराकडं बराच वेळ बघत राहिला आणि गिताबाईला म्हणाला, "चार लोकांत आपली तारीफ केली त्यानं. काय पेरायचा इचार आसंल गं त्याचा?"